सुदर्शनची पेशंट

केंदूरचा सुदर्शन पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. थायरॉईड बिघडला की माणसाच्या अंगात काय काय होतं, हे कॉम्प्युटरवर हुबेहूब दाखवणारं सॉफ्टवेअर त्यानं दोन वर्षं खपून तयार केलं. त्यातल्या काल्पनिक पेशंटला, चाळिशीच्या एका बाईला, आज पहिल्यांदा गोळी लागू पडली. त्यानं हरखून बायकोला हाक मारली. ऐन एप्रिलच्या दुपारी अंगावर शाल घेऊन शितल भिंतीच्या आधारानं आली.

"परत झोपलीवतीस? कवाबी बघावं तवा आडवी! बरं, हे बघ. ही बाई सारखी दमायची, केस गळायचे, उन्हाळ्यात थंडी वाजायची. घरात कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. मी बघता बघता ओळखलं!"

"कुठली वो ही?"

"कुठली न्हाई. खरी नसतीच ती. नुसती कॉम्प्युटरात हाय."

शितलनं शाल घट्ट लपेटत पडद्यावरच्या त्या बाईकडं बघितलं. मग हळूच म्हणाली,



"अहो, मग मलाबी चार दिवस त्यात घाला की."