माझ्या नवऱ्याचं नाव

सत्तावन्न साली पिंपरीतल्या कारखान्यातल्या डच इंजिनिअरची बायको तिला दर रविवारी डच शिकवायची. त्याच कारखान्यातून ट्रेनिंगसाठी हॉलंडला गेलेला तिचा नवरा तिला वर्षभरात बोलावणार होता. पुस्तक इंग्रजी येणाऱ्यांसाठी होतं. डचमध्ये कित्येकदा क्रियापद शेवटी न्यायचं, ही त्यांना पंचाईत; तिला ते मराठीसारखंच वाटायचं. अडायची ती एकाच वाक्यावर. “माझ्या नवऱ्याचं नाव…” म्हणून गप्प व्हायची. वहीतही तिथे रिकामी जागा. मॅडमना वाटायचं, हिला वाक्यच जमत नाही. “पुन्हा म्हण.” नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे सांगायलाही ती लाजायची. एका शुक्रवारी नवऱ्याचं पत्र आलं: इथल्या एकीशी संसार थाटलाय, तू येऊ नकोस. रविवारी ती तरीही गेली. रिकाम्या जागेत नाव लिहून खणखणीत वाचलं, “माझ्या नवऱ्याचं नाव दौलत.” ‘राव’ही लावलं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. “जमलं की! आता खुशाल हॉलंडला जा.”