गबाळ्या पास झाला

मावशीने जाळीखालून नायलॉनचा बारीक तंतू पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायाला टेकवला आणि मी श्वासच रोखून धरला.

गेल्या आठवड्यात एवढ्याशा स्पर्शानेही तो पाय झटकन वर घ्यायचा. प्रयोगासाठी त्याची नस दोऱ्याने आवळली होती ना! आता फिट्सवरचं एक नवं औषध देऊन मावशी बघत होती, की नसेचं दुखणं त्याने थांबतं का. तिच्या प्रयोगशाळेत उंदरांना नावं देत नाहीत, शेपटीवर नुसती रेघ मारतात. पण मी कुठली ऐकतेय! निळ्या रेघेवाला माझा गबाळ्या होता.

तंतू दाबून दाबून वाकला. गबाळ्याने पाय हलवलाच नाही.

"लागू पडलं! मावशी, लागू पडलं!" मी अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. "आता याला मी घरी नेते. आईला मी पटवते, तू फक्त हो म्हण."

मावशी हसली नाही. "म्हणून सांगत होते, नाव देऊ नकोस."

"का? पास झाला ना तो?"

"औषधाने आत काय केलं, ते त्याला कायमचं झोपवून, नस काढूनच बघावं लागतं, बाळा. उद्या सकाळी."

"आणि ज्यांना लागू पडलं नाही, ते?"

"तेही."

मी पिंजऱ्याशी गेले. इतके दिवस कोपऱ्यात अंग चोरून बसणारा गबाळ्या चारही पाय टेकवत माझ्याकडे धावत आला आणि जाळीतून नाक काढून खाऊ मागू लागला.