गाभण शेळी

बिबट्यासाठी वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात रोज एका घरची शेळी बांधायची, असं गावात ठरलं होतं. त्या संध्याकाळी आमची पाळी होती. अण्णा शेळी बांधून आले आणि पाय धुताना हळूच मला म्हणाले, "येताना पिंजऱ्याचं दार पाडून बंद करून आलो. गाभण आहे ती. बिबट्या जाळीपलीकडं नुसता शिरला, तरी भीतीनं गाभ टाकेल."

"आणि आजच आला तर?"

"त्यानं काय मुहूर्त काढलाय? जेवायला वाढ."

मी वाढलं.

पहाटे ते उसाला पाणी द्यायला गेले. सात वाजता चौथ्या सरीत सापडले. नरडं फाडलेलं होतं. शेजारच्या बांधावर, बंद पिंजऱ्यात, शेळी रवंथ करत बसली होती.

दुपारी वनखात्याचा गार्ड आला, तेव्हा लोकांनी त्याला जीपमधून ओढून पिंजऱ्यापाशी आणलं. "दार पाडून घरी झोपलास व्हय रे?" पहिली थप्पड माझ्या काकांनी मारली.

"मी उघडंच ठेवलं होतं, दादा," तो रक्ताळल्या तोंडानं सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं.

शेजारणीनं माझ्या डोळ्यांवर हात धरला. "नको बघू, बाई." मी तो बाजूला केला. मला बघायचं होतं. त्याला बसणारी प्रत्येक थप्पड मला हवीशी वाटत होती.

मग काकांनी पहार उचलली.

मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"काका, दार अण्णांनी पाडलं होतं. मला माहीत होतं. आणि मी त्यांना परत पाठवलं नाही."