उत्तरार्ध जरा आवरता घ्या

मध्यंतराची शिट्टी झाली आणि सेलम क्रीक कॉलेजचा कप्तान लेस्टर क्विंबी सवयीने उठून समोरच्या संघाकडे चालू लागला.

"कुठे निघालास?" ओटो ग्रुबर मागून ओरडला. या हंगामात ओटोचं नाक दोनदा मोडलं होतं, त्यामुळे त्याचं ओरडणंही सर्दी झाल्यासारखं ऐकू येई. "अरे, आज आपण पुढे आहोत!"

लेस्टर थबकला. खरंच की. पाच-शून्य. मघाशी ओटोच चेंडू काखेत मारून, अंगावर लोंबकळणारी चार माणसं ओढत, चिखलातून रेघेपलीकडे जाऊन पडला होता; त्याचेच हे पाच गुण.

दोन्ही कप्तान कबूल असले तर उत्तरार्ध कमी वेळाचा खेळता येई. ते मागायला अर्थातच मार खाणारा कप्तान जाई. सप्टेंबरपासून प्रत्येक सामन्यात लेस्टर गेला होता. समोरचे कप्तान मोठ्या मनाने हो म्हणत आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत. एकाने तर "का हो, घरी आईला बरं नाही का?" असंही विचारलं होतं. त्या सगळ्या हातांचं वजन लेस्टरला पाठ झालं होतं.

आजचा सामना शेवटचा. कॉलेज जिंकलं की चॅपलच्या मनोऱ्यातली घंटा वाजवायची, अशी रीत होती. ग्रीक शिकवणारे प्राध्यापक पेंडलटन दर शनिवारी जिने चढून दोर हातात धरून उभे राहत आणि संध्याकाळी गुडघे चोळत खाली येत. आज त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. दोर ओढायला अडचण नको म्हणून टोपी आधीच काढून ठेवली होती, म्हणजे त्यांनाही आशा होती.

एवढ्यात नॉर्थ फोर्कचा कप्तान थॉर्प लंगडत मैदान ओलांडून आला.

"एक विनंती होती," तो म्हणाला. "आमची गाडी पाचची आहे. त्यानंतर एकदम उद्या. उत्तरार्ध जरा आवरता घेतलात तर बरं होईल. पंधरा मिनिटं?"

"पण तुम्ही मागे आहात."

"ठाऊक आहे. जिंका तुम्ही. माझी दोन पोरं धड उभी राहत नाहीत. मला स्वतःला गरम पाणी आणि बिछाना, एवढंच हवंय."

"हो म्हण," मागून ओटो म्हणाला. "लेस्टर, पाया पडतो तुझ्या, हो म्हण. मग रात्रभर विजयाचं भाषण दे, आम्ही ऐकू."

लेस्टरने हात उचलला आणि थॉर्पच्या खांद्यावर ठेवला. असं करताना कसं वाटतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. फार छान वाटत होतं.

"का हो," तो म्हणाला, "घरी आईला बरं नाही का? खेळू की पुरा वेळ. पस्तीस मिनिटं."

थॉर्पने खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "बरं," म्हणून तो लंगडत परत गेला. ओटो जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला आणि चिखलात आडवा झाला.

उत्तरार्धात बावीस माणसं एकमेकांवर पडत राहिली आणि उठत राहिली. हळूहळू पडणं जास्त झालं, उठणं कमी. अगदी शेवटी नॉर्थ फोर्कचा एक पोरगा चेंडू घेऊन धावण्याऐवजी नुसता चालत रेघेपलीकडे गेला. त्याला अडवायला सेलम क्रीकचा एकही हात वर झाला नाही. पाच गुण झाल्यावर चेंडू खांबांमधून मारला की मिळणारा वरचा एक गुण थॉर्पने लाथेने मिळवला, तोही दुखऱ्या पायाने. सहा-पाच.

खिडकीतलं डोकं आत गेलं. लांबवर पाचच्या गाडीची शिट्टी ऐकू आली.

विजयासाठी चर्चच्या बायकांनी कालवांचं सूप रांधून ठेवलं होतं. ते टाकायचं कसं, म्हणून दोन्ही संघ एकाच टेबलावर जेवायला बसले. पाहुण्यांची निजायची सोय व्यायामशाळेच्या फरशीवर झाली होती.

"एक विचारू?" थॉर्प म्हणाला. "मघाशी नकार का दिलात?"

लेस्टरने वाडग्यात पाहिलं. "आमच्याकडे मागायला कधी कुणी आलंच नव्हतं."

थॉर्पने मान हलवली. "मीही कधी कुणाकडे गेलो नव्हतो," तो म्हणाला.

मग तो निजायला निघाला. उठताना आधार लागला, म्हणून त्याने लेस्टरच्या खांद्यावर हात टेकला. या हाताचं वजन लेस्टरला ओळखीचं वाटलं नाही.