सातव्या भागाची धून

"भाऊ, खरं सांगजा. बरं वाटावं म्हणून सांगू नका," दिव्यानी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप धम्मदीपच्या टेबलावर उघडून ठेवला.

ती नागपूरहून पोंभुर्ण्याला आईकडे निघाली होती. मध्येच भद्रावतीला उतरली ती याचसाठी. स्टुडिओच्या व्हिडिओ गेमच्या सातव्या भागाचं संगीत सोमवारी द्यायचं होतं आणि ते तिनं अजून कुणालाच ऐकवलं नव्हतं. आधीच्या सगळ्या भागांचं संगीत धम्मदीपचं. या उन्हाळ्यात त्यानं स्टुडिओ सोडला, घरूनच स्वतःची कामं घ्यायला लागला. जाताना मालकाला त्यानंच सांगितलं होतं, माझ्या जागी दिव्यानीला बसवा, तिला मी तयार केलीय.

सध्या तो फुगे फोडायच्या एका गेमसाठी फुगा फुटल्याचा आवाज करत होता. गिऱ्हाइकानं तो कालच पुन्हा परत पाठवला होता. हे त्यानं दिव्यानीला सांगितलं नाही.

"लाव," तो म्हणाला.

आधी लांबून ढोल आला. त्या ढोलासोबत धम्मदीपचीच जुनी धून होती, पण खाली, जमिनीला लागून चालल्यासारखी. मग तिच्यावर एका बाईचा आवाज चढला. शब्द नव्हते. बाई काम करता करता गुणगुणत होती, वाकल्यावर तिचा सूर तुटत होता, उठल्यावर पुन्हा लागत होता. तिच्या पायाखाली वाळलेली पानं वाजत होती.

"कोन हाय हे?"

"आई. मोहफुलं वेचून राह्यली होती. मी गुपचूप मोबाइलवर घेतलं. तिले माईतबी नाई."

स्वयंपाकघरातून पुनम आली. हाताला कणीक लागलेली. ती दारात उभी राहिली आणि संपेपर्यंत हलली नाही. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या कुठल्याही धुनेसाठी ती अशी दारात येऊन उभी राहिली नव्हती.

"संपलं काय?" ती म्हणाली. "अजून एकदा लाव न व."

दिव्यानीनं लावलं नाही. ती धम्मदीपकडे बघत होती.

काल तिचा फोन आल्यापासून तिला काय काय समजावायचं, कुठं काय चुकलं असेल, हे धम्मदीप मनात जुळवत होता. हे वाईट निघण्याची आपण वाट पाहत होतो, हे त्याला आत्ता कळलं. आणि ते वाईट नव्हतं.

"ढोल जमला," तो म्हणाला. "पन तो बाईचा आवाज काढ."

"काऊन भाऊ?"

"गेम खेळनारा मानूस ते हजारदा ऐकते. मानसाचा आवाज हजारदा ऐकला का कान किटते. वाद्याचं तसं होत नाई."

बोलताना त्याला स्वतःलाही ते पटल्यासारखं वाटलं.

"मले तं तेच आवडलं होतं," दिव्यानी हळूच म्हणाली.

"जे आपल्याले लय आवडते, तेच आधी कापा लागते. सांगतलं होतं न तुले?"

तिनं मान हलवली. तिथंच बसून तिनं आईचा आवाज बंद केला आणि पुन्हा वाजवलं. आता ढोल होता आणि धम्मदीपची जुनी धून होती. नीटनेटकं, ओळखीचं. धम्मदीपला एकदम हलकं वाटलं. पुनम कणीक मळायला आत गेली.

मोटारसायकलवरून तो तिला बसस्टँडला सोडायला निघाला. मागे बसून ती बोलतच होती.

"बरं झालं उतरली भाऊ. नाईतं सोमवारी सगळ्याइसमोर फजिती झाली असती. तुमी गेल्यापासून तिथं तोंडावर सांगनारं कोनी राह्यलं नाई."

समोर कोळशाच्या ट्रकांची रांग होती. धम्मदीप त्यांच्यातून वाट काढत राहिला.

"आईले सांगनार होती, का तुहा आवाज गेममधे येनार म्हणून," ती म्हणाली आणि हसली. "सांगतलं असतं तं आता काय तोंड दाखवलं असतं?"

चंद्रपूरची एसटी लागलेलीच होती. दिव्यानीला खिडकीजवळ जागा मिळाली. ड्रायव्हर चढला. धम्मदीपनं मोटारसायकल वळवली, किक मारली. मग ती बंद करून तो खिडकीखाली आला.

"दिव्यानी, तो आवाज ठेव."

"काय?"

"आईचा. आधी होता तसाच ठेव. कापू नोको."

"पन तुमी तं आत्ता..."

"खोटं बोललो मी. चांगलं झालं हाय ते. माह्याच्यानं तसं झालं नसतं."

त्याला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिच्या कपाळावर आठी पडली. कंडक्टरनं घंटी मारली.

"भाऊ," खिडकीचा गज धरून ती म्हणाली, "मागच्या साली तुमच्या धुनेत मी टाकलेली बासरी काढायले लावली होती तुमी. तवाबी खोटंच?"

गाडी हलली. धम्मदीप तिच्यासोबत चालू लागला. बासरी खरंच जमली नव्हती, असं त्याला सांगायचं होतं. ती कशी वाजत होती, ते तो आठवू लागला. आठवली. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत आठवली, आणि तो चालायचा थांबला.