पोटातला निळा

अनुपमाने खडा दांडीच्या टोकावरच्या लाखेतून सोडवला, स्पिरिटने पुसला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. खडा लखलखला. पण निळा नाही, पांढरा लखलखला.

तिने तो खिडकीशी नेला, तिरका केला, उलटा केला. पैलू असे बसले होते की नाव ठेवायला जागा नव्हती. पण नीलम म्हणून हातात घेतलेला खडा आता धुतलेल्या काचेसारखा दिसत होता.

खडा अंबादासकाकांचा होता. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या याच गाळ्यात त्यांनी तिला हात धरून दगड घासायच्या चकतीपुढे बसवलं, पैलू पाडायला शिकवलं. आता काकांना उजेड-अंधार तेवढा कळतो. हा नीलम त्यांनी लग्नाआधी स्वतः घडवला होता, शकूकाकूंसाठी. नारळ खवताना खवणीवर आपटून त्याची कड उडाली, आणि टवका उडालेला नीलम बोटात ठेवू नये म्हणून काकूंनी अंगठी डब्यात टाकली ती टाकलीच. परवा काका म्हणाले होते, "कड तेवढी सारखी करून दे गं. अंगठी तिच्या हातात असली की मला बरं वाटेल. बाकी काही आता दिसत नाही, पण ती निळी आहे हे ठाऊक असतं."

कड तेवढीच. अनुपमाने मात्र खड्याचं पोट, म्हणजे खालची बाजू, पाहिलं. जाडजूड, एका अंगाला कललेलं. तरुणपणी काकांचा हात कच्चा असणार, असं तिला वाटलं, आणि त्यांच्यावरच्या मायेने तिने ते सरळ करायला घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवा दगड आला की आधी वाटीभर पाण्यात बुडवून बघायचा. रंग कुठे दडलाय ते पाण्यात कळतं. हा धडा काकांचाच. एरवी अनुपमा कोणाचाही दगड पाण्यात पाहिल्याशिवाय चकतीला लावत नाही. पण गुरूच्या हातचा खडा, त्याला काय पारखायचं? आणि लाखेत अर्धा रुतलेल्या दगडाचा रंग काम करताना कळत नाही. त्या खड्यातला सगळा निळा तळाच्या वाकड्या पोटात होता. तेवढ्या थेंबावर अख्खा खडा निळा दिसायचा. तो राखण्यासाठीच काकांनी पोट तसं ठेवलं होतं. आता ते चकतीखालच्या चिखलात गेलं होतं.

दारात रिक्षा थांबली. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून काका आत आले. विक्रोळीहून यायचं म्हणून काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती.

"झालं का गं?" काकूंनी विचारलं. "ह्यांनी सकाळपासून डोकं खाल्लंय माझं."

"झालं," अनुपमा म्हणाली.

काकांनी तळहात पुढे केला. सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण तिने नुसता खडा त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो चिमटीत धरून कडेवरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कड झकास बसलीय गं! कोणी म्हणेल का इथे टवका होता?"

मग त्यांनी खडा उलटा केला. अंगठा पोटावर आला आणि तिथेच थांबला. एकदा पुढे गेला, मागे आला. वरून विमान घरघरत उतरत होतं. आयुष्यभर अंगठ्याने दगड वाचलेल्या माणसाला काय गेलं ते सांगावं लागत नाही. अनुपमा तोंडावर पदर दाबून उभी होती.

"काका, मी..."

"थांब." काकांनी खडा बायकोच्या हातात दिला. गाळ्यात ते तिच्याशी कधी मालवणीत बोलत नसत, आज बोलले. "शकू, तू बघ. रंग कसो आसा?"

काकू खडा घेऊन खिडकीशी गेल्या. बघितला. पुन्हा बघितला, डोळ्यांशी नेऊन. मग त्यांनी वळून अनुपमाकडे पाहिलं. अनुपमाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने हात जोडले.

काकूंनी खडा मुठीत घट्ट धरला.

"निळो आसा," त्या म्हणाल्या. "पयल्यापेक्षा जास्त निळो."

काका हलकेच हसले. हुंदका जिथून येत होता तिकडे त्यांनी तोंड वळवलं.

"ऐकलंस ना, अनुपमा? काकू म्हणते निळा आहे, म्हणजे निळाच. पूस डोळे आता."