मैदानावर सोडावे

सही खोटी होती. खेळाच्या बाईंनी चिठ्ठी उघडताच ते ओळखलं. वीस वर्षं त्या अशाच चिठ्ठ्या वाचत आल्या होत्या. पोटदुखी, मुरगळलेले पाय, आजीचं आजारपण. काही मुलांच्या आज्या तर वर्षातून दोनदा वारायच्या. मागणं मात्र एकच असायचं, खेळातून सुटका. खेळू द्या म्हणणारी खोटी चिठ्ठी बाईंनी जन्मात पहिल्यांदाच पाहिली.

'माझ्या मुलीला मैदानावर सोडावे. तिचा गुडघा ठणठणीत आहे. तिला झोप लागत नाही. वर्गात बसल्या बसल्या छातीत धडधडतं आणि डोक्यातला पेपर संपतच नाही. पळाली की तेवढा वेळ बरं वाटतं. हे तिने मला अजून सांगितलेलं नाही.'

शेवटच्या वाक्याला बाईंना हसू फुटलं आणि लगेच विरलंही.

समोर दहावीतली मुलगी उभी होती. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. वर्षाच्या सुरुवातीलाच तिच्या वडिलांनी गुडघेदुखीचं डॉक्टरी प्रमाणपत्र आणून दिलं होतं. खेळाचा तास अभ्यासाला मिळावा, हेच त्या दुखण्याचं मूळ. बाईंना ते कळत होतं. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरणारा तो गुडघा त्या रोज पाहत होत्या. पण कागद तो कागद. तो असेपर्यंत मुलीला मैदान बंद. आता चिठ्ठीवरच्या खोट्या सहीकडे कानाडोळा करून तिला सोडणं सोपं होतं. बाईंनी तसं केलं नाही.

"तुझ्या बाबांना बोलावते," त्या म्हणाल्या. "एक दिवस चोरून पळून काय होणार? मला तू वर्षभर मैदानावर हवी आहेस."

मुलीचा चेहरा उतरला. पण ती 'नको' म्हणाली नाही.

वडील दुपारी कामावरूनच आले. नोंदणी कार्यालयात ते सह्या पडताळायचे. सही जुळली नाही की तिच्यावर लाल रेघ आणि कागद परत. एकदा सख्ख्या भावाचेही कागद त्यांनी तसेच परत पाठवले होते, असं मुलगीच मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. चिठ्ठी हातात घेतल्यावर सवयीने त्यांनी आधी सही पाहिली. मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही माझी सही नाही," ते मुलीकडे वळले. "बापाची सही करायला शिकलीस?"

मुलीची नजर खाली गेली नाही.

"सही खोटी आहे, बाबा. मजकूर खरा आहे."

आता कानाखाली बसते, असं वाटून बाई दोघांच्या मध्ये सरकल्या. पण वडील वाचायला लागले होते. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून त्यांनी सगळं वाचलं. बाहेर मुलं शिट्टीची वाट पाहत दंगा करत होती.

मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि सहीवर आडवी रेघ ओढली. मुलीने डोळे मिटून घेतले.

त्या रेघेखाली, सावकाश, वडिलांनी आपली खरी सही केली.